क्रोम मारलेली फ्रेम

२१ नोव्हेंबर ९३, रविवार

कोंडेश्वरला जाऊन आलो. नेहमीचे तिघे. दिलीप बदलापूर स्टेशनाजवळ वीस मिनिटं उशिरा आला, वर आम्हालाच वेळेवरून लेक्चर. पाटील सोनिवलीहून आला. परतीच्या उतारावर त्याने एकदाही ब्रेक धरला नाही. कधीतरी मान मोडून घेणार आहे.

घरी येऊन सायकल पुसत होतो. हँडलखालची उभी नळी आणि खालची तिरकी नळी जिथे मिळतात तिथे एक रेघ दिसली. केसाएवढी. रॉकेलने पुसली, गेली नाही. नखाने खरवडली, नखाला काही लागत नाही. क्रोमवरचा ओरखडा असेल. पण ओरखडा असा सांध्याला धरून वळत जातो का?

सुलभाला दाखवली. तिने चष्मा लावून पाहिलं नि म्हणाली, तुमचा अर्धा पगार असाच पुसण्यात झिजतो. सायकलीशी तिचं सवतीचं नातं.

२२ नोव्हेंबर, सोमवार

कामात लक्ष नाही. सारखी ती रेघ.

फ्रेम बनवणाऱ्या लछूदादांना दोन वर्षं झाली ओळखून. (इथून पुढे ल.दा. लिहिणार, रोज एवढं कोण लिहितो.) ९१ साली कंपनीची जाड टायरची, सरळ हँडलची सायकल घेतली होती. वजन म्हशीचं. चिखलोली धरणामागच्या टेकडीवरून दोनदा उतरलो, तिसऱ्यांदा फ्रेमच वाकली. दुकानदार म्हणाला, साहेब ही रस्त्यावर चालवायची. मग डोंगराचं चित्र कशाला काढलंय तिच्यावर? पाटील म्हणाला, आमच्याकडचे दूधवाले उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी म्हाताऱ्याकडून फ्रेम बनवून घेतात, चार चार कॅन लादले तरी ढिम्म हलत नाही.

ल.दां.नी मला भिंतीला टेकवून उभं केलं. सुतळी घेतली. जांघेपासून जमिनीपर्यंत एक गाठ, खांद्यापासून मुठीपर्यंत दुसरी, अशा पाच गाठी. सुतळीला नावाची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवली. ना कागद, ना ड्रॉइंग. दोन महिन्यांनी फ्रेम हातात. मी म्हटलं, दादा, तुमचं नाव तरी घाला. म्हणाले, नाव कंपनीचं असतंय, हा तर तुझा माप हाय.

तेव्हापासून आम्ही तिघं बिघडलो. कुणाची कंपनीची सायकल दिसली की नाक मुरडायचं. नळी कुठली, गॅसने सांधा जोडायचं पितळ कुठलं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. मी तर धातूच्या धंद्यातला माणूस.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत सायकल आमच्या कंपनीच्या क्रोम प्लेटिंगच्या प्लँटमध्ये नेली. सांध्याला लाल डाय, म्हणजे बारीक भेगेतही शिरणारा रंग, लावला, पुसला, वर पांढरी पावडर. दोन मिनिटांत पावडरीतून लाल रेघ वर आली. दीड इंच. ओरखडा नाही. तडा आहे.

आता खरं ते लिहितो, वहीत तरी.

जुलैत याच प्लँटमध्ये मी तिघांच्या फ्रेमला क्रोम मारला. पावसात गंजतात म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरी हौस चमकेची. क्रोमआधी फ्रेम ॲसिडात बुडवावी लागते. पोलाद कडक जातीचं असेल तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. म्हणून नंतर चार तास ओव्हनमध्ये तापवून तो घालवायचा. हे मी दर वर्षी नव्या ट्रेनी पोरांना शिकवतो. फळ्यावर लिहून शिकवतो.

जुलैत त्या दिवशी ओव्हन कंपनीच्या स्प्रिंगांनी भरलेला होता. मी म्हटलं, सायकलची साधी नळी आहे, हिला काय गरज. कशावरून साधी?

पण साधी असेलही. मग दोष ल.दां.च्या गॅसचा. सांधा जास्त तापला तरी तिथेच तडा जातो. दोन्ही बाजूंनी विचार केला, दोन्ही बरोबर वाटतात. डोकं दुखतंय.

२८ नोव्हेंबर, रविवार

दिलीपची (आता तोही दि.) नजर घारीची. बदलापूरला भेटल्या भेटल्या म्हणाला, हे काय? मी म्हटलं, तडा. त्याने स्वतःचं हँडल सोडून खाली बसून पाहिलं आणि एका मिनिटात निकाल दिला. म्हातारा संपला. मे महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ज्योतीचा रंग कळत नसणार, सांधा जाळून ठेवला.

मी म्हणू शकलो असतो की तुझी फ्रेम मे महिन्याआधीची आहे आणि माझी त्याच्याही आधीची. म्हटलं नाही. मान डोलावली. डोलावली म्हणजे खालीवर.

पाटील (तो पा.) भडकला. ल.दां.विषयी असं बोललेलं त्याला खपत नाही. दि.ला म्हणाला, तुझ्या ब्यांकेत जाऊन हिशोब कर, हिथं नको. राइड झालीच नाही. चहा पिऊन तिघे तीन दिशांना.

माझी सायकल हातात धरून अंबरनाथपर्यंत चालत आणली. दीड तास.

३ डिसेंबर, शुक्रवार

आज प्लँटला सुट्टी. सायकल खोलून फ्रेम गोणपाटात गुंडाळली, रिक्षाने कॅम्प तीनला. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. दादा, जुलैत मी हिला क्रोम मारला तेव्हा एक गोष्ट राहून गेली.

गाळ्यात अर्ध्या भागात जीन्सच्या कापडाचे ठाण येऊन पडलेत. ल.दां.चा मुलगा मनोहर वर्षभर मागे लागलाय की गाळा द्या, शिलाईची मशीनं टाकतो. ल.दा. म्हणायचे, हात चालतोय तोवर नाही.

ल.दां.नी फ्रेम दाराशी उजेडात नेली. सांध्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मी पाठ केलेलं वाक्य तोंडात घोळवतोय. तेवढ्यात तेच बोलले.

"चूक माझा हाय साईं. गॅस ज्यादा लागला. हात आता भरोशाचा नाही राहिला."

मी म्हटलं, असं कसं दादा. बस, इतकंच. माझ्या वाक्याला जागाच राहिली नाही. की मी ठेवली नाही?

मग ते मनोहरला सिंधीत काहीतरी बोलले. मला कळलं नाही, पण मनोहरचा चेहरा उजळला आणि माझ्याकडे पाहून त्याने तो लगेच सरळ केला. चहा मागवला. मी तो प्यायलो. फ्रेम तिथेच ठेवून आलो.

५ डिसेंबर, रविवार

पा. सकाळी दारात, सायकलसकट. चल म्हणाला, टेकडीवर जाऊ, माझी घे, मी गावातली जुनी आणतो. मी म्हटलं, तूही काही दिवस उतार नको करू. का? तर म्हटलं, असंच, फ्रेम बघून घेऊ एकदा. तो हसला.

"मना लछूदादाचे हातावर भरोसा हाय. तुमचे दोघांचा ऱ्हायला नाय त काय करू?"

आणि गेला. टेकडीकडेच गेला असणार. त्याच्या फ्रेमलाही मीच क्रोम मारलाय, हे त्याला माहीत आहे. ओव्हनचं माहीत नाही. दुपारी पिठाच्या गिरणीतून त्याच्या शेजाऱ्याकडे फोन करून विचारलं, बाळाराम पाटील घरी आला का. आला होता, जेवत होता. फोन ठेवला.

६ डिसेंबर, सोमवार

सुलभाला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. म्हणाली, तुम्ही भगत लोक, देवाला चांदीचा पत्रा चढवायला गेलात आणि मूर्तीलाच तडा पाडलात. मी म्हटलं, पाडला असं नक्की नाही. म्हणाली, मग नक्की नाही एवढं तरी जाऊन सांगा त्यांना, ते बिचारे नक्की समजून बसलेत.

तिच्या बोलण्यात चूक काढायचा प्रयत्न केला. सापडली नाही. राग आला.

८ डिसेंबर, बुधवार

पोस्टकार्ड आलं. ल.दां.चं, वाकड्या देवनागरीत, हिंदी. फ्रेम खराब बनी है. वापस लाना. काटना है. माफी.

डोंगरासाठी बनवलेल्या फ्रेमा एकूण चारच. आमच्या तीन आणि एक डोंबिवलीच्या एका डॉक्टरची. चौघांना हेच कार्ड गेलंय, माझी फ्रेम त्यांच्याकडेच असूनही मला. दि.चा ऑफिसातून फोन. तो शनिवारी नेऊन देणार, म्हणाला बघ, म्हाताऱ्याने स्वतःच कबूल केलं. डॉक्टर म्हणे देणार नाही. त्याने ती हॉलमध्ये भिंतीवर टांगली आहे, पाहुण्यांना दाखवतो. एकदाही डोंगरावर नेलेली नाही, त्यामुळे ती टिकली याचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. पा. देणार नाही हे विचारायलाच नको.

म्हातारा घरोघर माफी मागतोय आणि मी इथे पुरावे मोजतोय.

१० डिसेंबर, शुक्रवार

काल आमच्या लॅबच्या बर्वेसाहेबांना गाठलं होतं. एका मित्राची केस म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अंदाज कशाला, नळीचा तुकडा आण, कडकपणा मोजून देतो. कडक निघाली तर प्लेटिंगवाल्याची चूक, मऊ निघाली तर सांधा जोडणाऱ्याची. मित्र कोण हे विचारलं नाही, पण चष्म्यावरून पाहिलं.

आज उल्हासनगरला गेलो, तुकडा कापून घ्यायला. फ्रेम नाही. ल.दां.नी शनिवारीच करवतीने तिचे आठ तुकडे करून भंगारवाल्याला दिले. म्हणाले, खराब माल डोळ्यासमोर नको. भंगारवाला शोधला. त्याचा ट्रक सोमवारीच भरून गेलेला.

पुरावा गेला. आणि मला, खरं लिहायचं तर, गाळ्याच्या पायरीवर बसून हलकं वाटलं. तेवढ्यात ल.दां.नी आतून नळीची दोन टोकं आणून दिली. त्याच मोळीतली आहेत म्हणाले. कुर्ल्याच्या भंगारातून दोन वर्षांपूर्वी एकच मोळी आणली होती, चौघांना त्यातलीच. परत जड वाटायला लागलं.

का हवीत, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आठवडाभरात सांगण्याची ही दुसरी संधी.

१२ डिसेंबर, रविवार

आज दोघांना सांगितलं. बदलापूरच्या चहाच्या टपरीवर. ओव्हन, स्प्रिंगा, सगळं.

दि.ने कप खाली ठेवला. मग म्हणाला, म्हणजे पाच महिने मी कशावर बसून उतरत होतो? त्याने काल फ्रेम नेऊन दिली आणि समोर कापून घेतली. त्यावरूनही मलाच शिव्या. मग म्हणाला, आता म्हाताऱ्याला सांगू नको, उगाच कशाला, त्याने मनाची तयारी केलीये, मुलालाही गाळा हवाच आहे. थोड्या वेळाने म्हणाला, सांगच. निघताना म्हणाला, तुला काय करायचं ते कर, मला विचारू नको. बाजारभर 'म्हातारा संपला' सांगत फिरला होता तोच. त्याचंही कठीण आहे.

पा. शांतपणे ऐकत होता. मी त्याला म्हटलं, बाळाराम, तुझी फ्रेम कधीही जाऊ शकते.

"म्हंजे लछूदादाचा हात बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, असेल, नक्की नाही.

"बस मंग," म्हणाला, आणि सायकलवर बसून गेला. त्याला एवढंच हवं होतं. मला इतकं बोलून काय हवं होतं?

१८ डिसेंबर, शनिवार

बर्वेसाहेबांचा निकाल. दोन टोकं, दोन वेगळे आकडे. एक नळी कडक, बहुतेक कुठल्या तरी मशीनमधली. दुसरी मऊ, साधी, पाण्याच्या पाइपापेक्षा थोडी बरी. भंगाराच्या मोळीत कुणीतरी दोन जातींच्या नळ्या एकत्र बांधल्या होत्या. बाहेरून सारख्या.

माझी फ्रेम कुठल्या नळीची होती? पा.ची कुठल्या नळीची आहे? साहेब म्हणाले, तुझ्या मित्राला सांग, आता देवच जाणे. वर म्हणाले, पण तापवली असती तर निदान ही शंका उरली नसती.

मित्राला सांगतो म्हटलं.

२४ डिसेंबर, शुक्रवार

गेलो. सांगितलं. पायरीवर चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागलो, नाहीतर पुन्हा ते आधी बोलले असते.

ल.दां.नी पूर्ण ऐकलं. ॲसिड, हायड्रोजन, ओव्हन, दोन नळ्या. त्यांना किती कळलं माहीत नाही. बोलून झालं. वाटलं आता चिडतील, चिडलेले बरे. ते हसले, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"तू चांगला माणूस हाय साईं. माझा मन राखायला इतकी मोठी कहाणी बनवून आणलास."

मी शपथ घेतली. आईची. म्हणाले, आईला मध्ये आणू नको. मी लॅबचा कागद दाखवला. म्हणाले, कागद तर तुझ्याच कंपनीचा हाय. लाल डाय, पावडर, पुन्हा सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितकं त्यांना ते जास्त खोटं वाटत होतं. खोटं बोललो तेव्हा कुणी शंका घेतली नाही. मी बोललोच कुठे होतो म्हणा.

मनोहर मागून म्हणाला, बाबा, पुढच्या महिन्यात मशीनं येतील, आता हा विषय बस. त्याचंही काही चुकत नाही, त्याने कापडात पैसे घातलेत.

शेवटी मी म्हटलं, दादा, एक फ्रेम अजून बनवा. माझ्या मापाची. मी क्रोम मारणार नाही, रंगही देणार नाही. त्याच डोंगरावर चालवीन. टिकली तर माझं ऐकाल?

त्यांनी उठून गॅसचा सिलिंडर हाताने चाचपला. मग मनोहरला म्हणाले, मागची भिंत आणि गॅस सोड माझ्यासाठी, पावसापर्यंत. पुढचं सगळं तू घे. माझ्याकडे वळून म्हणाले, पावसापर्यंत टिकला तर मी पुन्हा काम करणार. तुटला तर तू पुन्हा कहाणी नाही सांगायचा.

कबूल केलं.

२६ डिसेंबर, रविवार

दि. आला नाही. कुणाकडून तरी कळलं, कंपनीची नवी सायकल बघून आलाय, गिअरवाली.

पा.बरोबर गेलो, तो सायकलवर, मी चालत. टेकडीच्या पायथ्याशी त्याची फ्रेम उलटी करून लाल डाय मारला. रेघ आली नाही. आज नाही, एवढंच. उद्याचं डाय सांगत नाही. त्याला म्हटलं दर रविवारी तपासू. तो म्हणाला, तपास, तुला बरं वाटत असंल त.

१४ जानेवारी ९४, शुक्रवार

संक्रांत. सुलभाने तिळगूळ बांधून दिला. ल.दां.कडे नेला. पुढे सहा शिलाई मशीनं, घरघर चालू, निळ्या कापडाचा वास. मागच्या भिंतीशी ल.दा. आणि तयार फ्रेम.

उघडी, काळपट, नुसतं तेल चोळलेलं. सांध्यावर पितळेची सोनेरी किनार, चारी बाजूंनी सारखी. इतकं सुंदर काम त्यांचं मी आधी पाहिलं नव्हतं. की मी आधी नीट पाहिलंच नव्हतं, चमकवायच्या घाईत? किनार सारखी म्हणजे सांधा आतून चांगला असं नाही, हे मला धंद्याने शिकवलंय. विचारलं, नळी कुठली? म्हणाले, तीच मोळी. शेवटची नळी होती. कडक की मऊ? हसले. तिळगूळ तोंडात टाकला.

मी विचारलं, काय वाटतं दादा? म्हणाले, मला वाटून काय, चालवून सांग.

१६ जानेवारी, रविवार

चिखलोलीची टेकडी. जुन्या सायकलचं सामान काढून नव्या फ्रेमला चढवलं, काल दिवसभर तेच. वर चढताना एक आवाज नाही. पा. पुढे जाऊन खाली पोहोचला, ओढ्याजवळ उभा राहून हात हलवत होता.

वर थांबलो. बराच वेळ थांबलो. पा.ला वाटलं असेल घाबरला. घाबरलोही होतो, पण मानेसाठी नाही.

फ्रेम टिकली तर म्हाताऱ्याचा हात चांगला, गाळ्याची मागची भिंत त्यांची, आणि मागची फ्रेम मीच मोडली हे ठरलं. दि.चीही, आणि उद्या पा.ची गेली तर तीही. तुटली तर मी सुटलो. मनोहरचं भलं. आणि ल.दां.चे हात मांडीवर.

उतरलो. पहिल्या खडकावर पुढचं चाक आपटलं, फ्रेमने सगळा धक्का घेतला, पाण्यासारखी वाकली आणि सरळ झाली. दुसऱ्या खडकावर मी ब्रेक सोडले. मुद्दाम सोडले. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली सायकल आहे. हे मला उतारावरच कळत होतं, आणि त्याच वेळी मनात, अगदी स्पष्ट, फ्रेमला उद्देशून एकच शब्द: तूट.

खाली पोहोचलो. पा.ने विचारलं, कशी हाय? मी म्हटलं, चांगली आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, मंग तोंड असं का?

डाय लावला. रेघ नाही. पावसाला अजून पाच महिने आहेत.